डिस्टोपियन विज्ञानपटाचा पटेल असा प्रिमाइस कसा रचायचा? कोकणात गोष्ट घडवणाऱ्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रिमाइस आणि वनलाइन एकच का?

नाही. वनलाइन म्हणजे अख्खी गोष्ट एका वाक्यात: कोण आहे, त्याला काय हवंय, आड काय येतंय. प्रिमाइस त्याच्या आधी येतो. गोष्ट ज्या जगात घडते त्या जगाचा नियम काय, तो का आला आणि आता तो कोणाच्या मुळावर आलाय, एवढं त्यात असतं. कौटुंबिक सिनेमात हे कागदावर न मांडताही भागतं, कारण ते जग प्रेक्षक घरूनच घेऊन येतो. डिस्टोपियात, म्हणजे जाचक, बिघडलेल्या भविष्याच्या गोष्टीत, जगच नवं. पहिल्या दहा-बारा मिनिटांत नियम कळला नाही, तर पुढचा दीड तास प्रेक्षक कपडेपट बघत बसतो.

प्रिमाइस अर्ध्या पानात मावला पाहिजे. मग एक-दोन पानांचा सिनॉप्सिस (गोष्टीचा सारांश), दहा-पंधरा पानांची ट्रीटमेंट (संवादांशिवाय प्रसंगवार मांडणी) आणि शेवटी शंभर-एकशेवीस पानांची पटकथा. एका पानाला पडद्यावरचं एक मिनिट हा ढोबळ हिशेब. अर्ध्या पानात जे बसत नाही ते पटकथेतही बसत नाही, फक्त तिथे दुरुस्तीचा खर्च वाढतो.

"समुद्र वर आला, कोकण बुडालं." हा प्रिमाइस होत नाही का?

ही आपत्ती झाली. बुडालेल्या जगात माणसं पोहतात, पळतात, मरतात. डिस्टोपियात माणसं रांगेत उभी राहतात. रांग कोणी लावली आणि लोकांनी ती का मानली, हे ठरवल्याशिवाय प्रिमाइस सुरू होत नाही.

शिवाय आकडे साथ देत नाहीत. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी समितीनुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आणि २००६ ते २०१८ दरम्यान वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. वेग वाढतो आहे हे धरलं तरी पन्नास वर्षांत रत्नागिरीच्या रत्नदुर्ग किल्ल्याच्या बुरुजाला लाटा लागणार नाहीत. उधाणाच्या भरतीला लागून एखादा खारबंधारा फुटेल, खाजणातलं, म्हणजे बंधारा घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीतलं, भात जळेल, किनाऱ्यालगतची विहीर मचूळ होईल. पोस्टरला हे कमी वाटतं, पण डिस्टोपियाला हेच लागतं. हळूहळू बिघडणाऱ्या गोष्टीवरच समित्या बसतात, अर्ज निघतात, नियम होतात.

मग सुरुवात कुठून करायची?

आज अस्तित्वात असलेल्या, सगळ्यांना मान्य असलेल्या, खरोखर भल्यासाठी केलेल्या एखाद्या नियमापासून. तो उचला आणि तीस वर्षं चालू ठेवा. फक्त तो थांबवण्याचा अधिकार कोणाकडेच ठेवू नका.

या पानावर एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवू: "कोरडा दिवस".

डेंग्यूचा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी रिकामी करून, घासून, कोरडी करा असं आरोग्य खातं सांगतं. नुसतं ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटून बसतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात, म्हणून घासणी लागते. हे सगळं खरं आणि उपयोगाचं आहे.

आता काल्पनिक पाऊल: एक मोठी साथ येते. कोरडा दिवस आठवड्यातून एकदाचा रोजचा होतो आणि खाजगी पाणीसाठा हाच गुन्हा ठरतो. साथ ओसरते. नियम राहतो.

हे ओढूनताणून वाटत असेल तर इतिहास बघा. मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी इंग्रजांनी १८९७ साली साथरोग कायदा केला. मार्च २०२०मध्ये कोविडसाठी महाराष्ट्रात तोच लागू झाला. मधल्या १२३ वर्षांत प्लेग गेला, इंग्रज गेले, कायदा होता तिथेच होता. आणि त्याच २०२०मध्ये मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना गावच्या शाळेत विलगीकरणात राहावं लागलं, वाड्यांच्या तोंडावर बांबू आडवे पडले. ते बांबू सरकारने नाही, गाववाल्यांनीच बांधले होते. प्रिमाइस रचताना हा तपशील विसरू नका.

कोकणच कशाला? मुंबईत घडवली तर?

घडवा, पण मग नियम दुसरा शोधा. जागेने नियमाला धार आली पाहिजे, नुसता देखावा पुरवून उपयोग नाही. साठवणबंदी कोकणात बोचते, कारण इथे पाण्याचं गणितच विचित्र आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकर. जांभा सच्छिद्र, उतार तीव्र, नद्या आखूड. आलेलं पाणी खाडीला मिळतं. अशा ठिकाणी साठवायचं नाही म्हटलं की बाकी सगळं आपोआप घडत जातं.

कोकणात अशी आणखी जुनी ठसठस बरीच आहे. सातबारावर तीस-चाळीस नावं आणि घराला कुलूप. जून-जुलैची मासेमारी बंदी. देवाला कौल लावून घेतलेले निर्णय. यातल्या कशावरही स्वतंत्र प्रिमाइस उभा राहील. एकाच सिनेमात सगळं कोंबू नका एवढंच.

एका जगात किती बदल चालतात?

काल्पनिक बदल एकच. बाकी सगळे त्याचे परिणाम. प्रेक्षक एक थाप आनंदाने पचवतो, दुसऱ्या थापेला हिशेब मागतो. साठवणबंदी, शिवाय उडत्या गाड्या, शिवाय मेंदूत चिप असं झालं की कशाचा कशाशी संबंध हेच कळेनासं होतं.

परिणाम मात्र पायरीपायरीने काढा. पहिलं वर्ष, पाचवं, पंधरावं, तिसावं:

पहिल्या वर्षी पिंप, हौद, टाक्या जप्त. छपराचे पन्हळ उतरवले जातात, पागोळ्यांचं पाणी थेट जमिनीवर.

पाचव्या वर्षी पाणी फक्त नळाने, ठरलेल्या मिनिटांपुरतं. बंद घरांच्या वाट्याचं पाणी फुकट जातं अशी तक्रार येते आणि ती रास्तच असते. म्हणून "जागतं घर" ही नोंद निघते: ज्या घरात रोज चूल पेटते त्यालाच नळ.

पंधराव्या वर्षी मुंबई-पुण्यातले चाकरमानी आपलं घर नोंदीवर जागतं ठेवायला माणूस ठेवतात. तो रोज कुलूप काढतो, चूल पेटवतो, नळाची मिनिटं भरून घेतो, दिवा लावतो, पुढच्या घरी जातो. त्याला गावात "दिवेकरी" म्हणतात. लग्नाच्या बैठकीत जमिनीच्या आधी नळाची मिनिटं विचारली जातात.

तिसाव्या वर्षी शाळेतली पोरं हंड्याचं चित्र उपडंच काढतात.

दुसरा नियम पहिल्यातून निघाला हे पाहिलंत का? तो वेगळा शोधावा लागला नाही. तुमच्या प्रिमाइसमध्ये पाचव्या वर्षासाठी नवीन कल्पना शोधावी लागत असेल, तर पहिला नियमच लंगडा आहे.

विज्ञान किती काटेकोर हवं?

इतकं की "मग ते लोक असं का नाही करत?" या प्रश्नाला उत्तर असावं. बहुतेक प्रिमाइस इथेच कोसळतात, म्हणून हे जरा सविस्तर.

प्रश्न पहिला: समुद्र शेजारी आहे, खारं पाणी गोडं का करत नाहीत? हिशेब मांडा. रिव्हर्स ऑस्मोसिसने (पाणी दाबाने बारीक गाळणपडद्यातून ढकलून) हजार लिटर समुद्राचं पाणी गोडं करायला आजच्या चांगल्या संयंत्राला साधारण तीन ते चार युनिट वीज लागते. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटर. दोन हजार वस्तीच्या गावाला दिवसाला १ लाख १० हजार लिटर, म्हणजे ३३० ते ४४० युनिट. ही वीज अशक्य नाही, महागडीही नाही. तेव्हा "तंत्रज्ञान नाही" हे कारण बाद. संयंत्र आहे आणि त्याची किल्ली एकाकडे आहे, असं लिहा. पावसाळ्यात खाडीच्या गढूळ पाण्यातला गाळ गाळणपडद्यांमध्ये अडकून संयंत्र बंद पडतं, तेव्हा दुरुस्तीचा माणूस कुठून येतो हेही ठरवा. त्यात दोन प्रसंग दडलेले आहेत.

प्रश्न दुसरा: छपराचं पाणी? शंभर चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर. वीस टक्के वाया गेलं तरी दोन लाख चाळीस हजार. पाच माणसांच्या घराला रोज २७५ लिटर धरले, तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना सुमारे ६६ हजार लिटर पुरतात. म्हणजे चार मीटर लांब, चार मीटर रुंद आणि चार मीटरहून जरा खोल अशी टाकी. प्रत्येक घर आपल्यापुरतं सुटू शकतं! हा आकडा प्रिमाइसचा कणा आहे. पाणी डोक्यावर पडतंय, मोजलंय, पुरेसं आहे, आणि धरायला मनाई आहे.

प्रश्न तिसरा: घट्ट झाकणाच्या, जाळी लावलेल्या टाकीत डास होत नाहीत, मग तिला बंदी का? प्रश्न बरोबर आहे आणि विज्ञान प्रश्नकर्त्याच्या बाजूने आहे. उत्तर कारभारात शोधा. कोणाचं झाकण फुटकं आहे हे रोज कोण बघणार? सरसकट बंदी तपासायला सोपी. अधिकाऱ्याच्या तोंडचं हे वाक्य कुठल्याही राक्षसी हसण्यापेक्षा जास्त भीती घालतं.

डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे विहिरीत सोडता येतात, करवंटीत नाही. आणि किनाऱ्याच्या वाळूतल्या विहिरींचं सांगायचं तर तिथे गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं: समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटर. उपसा करून वरची पातळी एक मीटर उतरवली की खालून खारं पाणी चाळीस मीटर वर सरकू शकतं. कातळात हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही, तिथे खारं पाणी भेगांतून वाट काढतं. गुहागर-दिवेआगरसारख्या वाळूच्या पट्ट्यात गोष्ट घडवत असाल तर याचा उपयोग होईल.

पात्र कोण असावं? बंडखोर तरुण चालेल?

चालेल, पण फार झालेत. शिवाय बंडखोराला पहिल्या फ्रेमपासून सगळं चूक वाटत असतं, त्यामुळे नियमाची भली बाजू सांगायला कोणी उरत नाही. नियमावर ज्याचा विश्वास आहे आणि ज्याचं पोट त्यावर चालतं, असा माणूस घ्या.

आपल्या उदाहरणात सुगंधा, वय चाळीसच्या आसपास, साठा तपासनीस. लहानपणी साथीत धाकटा भाऊ गेला, म्हणून ती हे काम मनापासून करते. तिची तपासणी अशी: परसात शिरल्यावर आधी करवंट्या बघायच्या. नारळ फोडल्यावर करवंटी उपडी टाकायची असते. उताणी दिसली की दंड. मग हंडा. आत बोट फिरवायचं, बुडापासून गळ्यापर्यंत. बोट कोरडं आलं तरी कडेला खडबडीत लागलं तर भांडं घासलेलं नाही. गुळगुळीत लागलं तर ठीक. मग वहीत टिंब.

एवढ्याने जग कळलं. निवेदन नको, बातमीपत्र नको, भिंतीवरच्या घोषणाही नकोत.

वनलाइन मग अशी होते: "साठवणबंदीला तीस वर्षं झालेल्या गावात घरोघरची भांडी तपासणाऱ्या सुगंधाला आपल्याच आईच्या परसात गोवऱ्यांखाली भरलेली टाकी सापडते, पाऊस चाळीस दिवस लांब आहे आणि त्या टाकीचं पाणी आई एकटी पीत नाही."

याच्या शेजारी ही ठेवून बघा: "पाण्यासाठी तडफडणाऱ्या भविष्यात एक स्त्री व्यवस्थेविरुद्ध उभी राहते." दुसरीत काही खोटं नाही. ती कुठल्याही सिनेमाला चिकटेल एवढाच तिचा दोष.

खलनायक कोण?

जमल्यास कोणीच नको. ग्रामपंचायतीच्या खोलीत बसलेली पाच माणसं पुरतात, त्यातली दोन पात्राच्या नात्यातली. त्यांना तुमच्यापेक्षा चांगले युक्तिवाद द्या. हुकूमशहा आणलात की प्रेक्षक सुटतो. हुकूमशहा मेला की सगळं ठीक होईल असं प्रेक्षकाला वाटतं.

नवे शब्द कसे घडवायचे?

सरकारी शब्द लांब आणि संस्कृत असतो, लोकांच्या तोंडी तो आखूड होतो. दोन्ही लिहा. "अनधिकृत जलसंचय प्रतिबंध" हा फलकावर, "साठा" हा तोंडी. "तिच्याकडे साठा सापडला" हे वाक्य ऐकल्यावर कोणी अर्थ विचारत नाही. पाणवठ्यावर एखादी बाई तो शब्द दुसरीला हाक मारून सांगू शकेल का, हे तपासा. नसेल तर शब्द टाकून द्या. सबंध सिनेमाला सहा-सात नवे शब्द खूप झाले.

बोलीचं भान ठेवा. सिंधुदुर्गात "खंय" म्हणणारी माणसं आणि रायगडातला आगरी गाव एकाच वाडीत बसवलेत तर कोकणातला प्रेक्षक पहिल्या संवादाला उठून जाईल. आधी तालुका ठरवा, मग संवाद लिहा.

साल दाखवायचं का?

पडद्यावर नको, वहीत हवंच. साल धरलं की वयं धरता येतात. २०५८ धरलंत, तर २०१९ला जन्मलेलं मूल तेव्हा ३९चं आणि त्याची आई पासष्टीच्या पुढची. आईला भरलेला हौद आठवतो, मुलीला अंधूक, नातीला मुळीच नाही. तीस-पस्तीस वर्षांचं अंतर यासाठीच बरं. शंभर वर्षं पुढे गेलात की आठवणारं कोणी उरत नाही.

खऱ्या दुर्घटना वापरल्या तर?

जपून. २२ जुलै २०२१ची तळियेची दरड किंवा त्याच सुमाराचा चिपळूणचा पूर यांत ज्यांची माणसं, घरं गेली ती तुमच्या प्रेक्षागृहात बसलेली असणार. त्या दृश्यांचं फुटेज सुरुवातीच्या माँटाजमध्ये टाकणं हा आळसच. घटना कशी घडली ते समजून घ्या, चित्रं स्वतःची बनवा.

पैसे नसताना भविष्य कसं दाखवायचं?

प्रिमाइस चांगला असेल तर वस्तू वाढवाव्या लागत नाहीत, काढून घ्याव्या लागतात. साठवणबंदीच्या गावात एकही निळं पिंप नाही, पन्हळ नाही, छपरावर काळी टाकी नाही, आणि दिसेल ते भांडं उपडं. मंडप-केटरिंगवाल्याकडून दोनशे भांडी भाड्याने आणा, काम झालं. शंकराच्या पिंडीवरची गळती (थेंबथेंब पाणी सोडणारं भांडं) रिकामी लटकतेय, हा एक शॉट पुरेसा बोलतो. (देवळाला सूट आहे की नाही हे मात्र आधी ठरवा. सूट असेल तर ती कोणी मिळवली?)

सडा, म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार, मे महिन्यात काळा-पिवळा, रखरखीत. ऑगस्टमध्ये तोच हिरवागार. एकाच जागी दोन वेळा शूट करा, दोन जगं मिळतात. मेमध्ये कातळावर दुपारचं ऊन फार कडक पडतं, सकाळी नऊच्या आत आणि साडेचारनंतर काम उरका. खरा पाऊस कॅमेऱ्यात दिसत नाही, पाठीमागून प्रकाश दिल्याशिवाय थेंब उठत नाहीत. आणि मेमध्ये दहा हजार लिटरचा टँकर आणून टंचाईच्या वाडीत कृत्रिम पाऊस पाडणार असाल तर तो बेत सोडा. गाव तुम्हाला दुसऱ्या दिवशी उभं करणार नाही, आणि बरोबरच आहे.

कल्पना चोरीला जाईल अशी भीती वाटते. नोंदणी होते का?

नुसत्या कल्पनेवर हक्क मिळत नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. कॉपीराइट मांडणीला मिळतो, कल्पनेला नाही. तेव्हा अर्ध्या पानाचा प्रिमाइस चार जणांना दाखवण्याआधी त्याची पात्रं, क्रम, प्रसंग यांसह ट्रीटमेंट लिहा आणि ती मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे किंवा कॉपीराइट कार्यालयात नोंदवा. ज्याला पाठवता त्याला ईमेलनेच पाठवा, तारीख राहते.

पटकथेला कधी बसायचं?

अर्धं पान छापून ज्यांचा सिनेमाशी संबंध नाही अशा पाच-सात जणांना द्या. जेट्टीवर बर्फ फोडणारा, आंब्याच्या पेट्या भरणारी, एसटीचा वाहक, कोणीही. "आवडलं का?" विचारू नका. गप्प बसा. "छान आहे" म्हणून कागद परत आला तर प्रिमाइस अजून कच्चा. "असं कधी होणार नाही" म्हटलं तर कारण विचारा, तिथे भोक आहे. आणि एखादी जर लगेच म्हणाली, "पण मी काय करीन, माडाच्या आळ्यात मडकं पुरीन, वरून नारळाची सोडणं टाकीन, कोणाला कळतंय," तर वही काढून ते तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. मग विचारा, "आणि शेजारणीने सांगितलं तर?"